मदत हवी आहे: रेशनच्या अंगठ्यावर पीएचडी कुठे करता येईल?

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एमए, नेट-जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप देणारी परीक्षा) झालंय. विषय डोक्यात पक्का आहे: रेशन दुकानातलं, अंगठ्याच्या ठशावरून ओळख पटवणारं ई-पॉस मशीन. शेतात राबून आजीच्या बोटांच्या रेषाच झिजल्यात. पदराला बोट पुसून चौथ्यांदा अंगठा लावते, तरी मशीन नाहीच म्हणतं. एका प्राध्यापकांनी मात्र "हा कॉम्प्युटरवाल्यांचा विषय" म्हणून वाटेला लावलं. (कॉम्प्युटरवाले काय म्हणतील, ठाऊकच आहे!) आयआयटी मुंबईचं धोरण अभ्यास केंद्र बरं की टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था)? जेआरएफचे महिना ३७,००० मुंबईत पुरतात का? नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे बहुतेकदा ४ वर्षांची पगारी नोकरीच. तिथल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात तंत्रज्ञान-धोरणाची वेगळी फॅकल्टीही आहे. तिकडे कुणी आहे का? गाइडला पहिला ईमेल कसा लिहिलात, जरा दाखवाल?