हाँगकाँगमध्ये स्वस्तातलं डिमसम: डुक्कर-बीफ टाळून दोघींनी काय खावं?

वेळणेश्वरची_सून
नमस्कार मंडळी. आमची गुहागरकडे लहानशी खानावळ आहे. पाऊस लागला की पर्यटक आटतात, म्हणून यंदा जूनअखेरीस लेकीकडे हाँगकाँगला जायचं ठरवलंय. सोबत सासूबाई. लेक शाम शुई पो भागात राहते आणि दिवसभर ऑफिसात असते, म्हणजे दुपारचं आमचं आम्हालाच बघायचं.

डिमसम, म्हणजे चहाबरोबर खायचे ते छोटे, बहुतेक वाफवलेले चिनी पदार्थ, खायची मला फार हौस आहे. सासूबाईंनाही आहे, फक्त त्या तसं कबूल करत नाहीत. मासे, कोळंबी, कोंबडी चालते. डुक्कर आणि गाय नाही. चकाचक हॉटेलात जायचं नाहीये, तिथली साधी माणसं जिथे खातात तिथे जायचंय. भाषा येत नाही. आत शिरल्यावर नक्की काय करायचं असतं? आणि दोघींना खर्च किती येईल?

उभादांडा_वेंगुर्ला
एवढ्या लांब जावन वाफवलेलाच खावचा तर घराकडे काय वायट होता? बाकी कोंबडीचे पाय मिळतत म्हणे थंय. सासूबायक आधी सांगा नको, खाल्ल्यार सांगा.

भंडारी_दाभोळ
ताई, मी बोटीवर चीफ कुक होतो, आता घरी असतो. आमची बोट क्वाई चुंगच्या कंटेनर टर्मिनलला लागायची. सुट्टी मिळाली की क्वाई फाँगहून लाल लाइनची मेट्रो धरायची आणि थेट शाम शुई पो. म्हणजे तुमची लेक राहते तोच भाग. स्वस्त खाण्यासाठी याहून बरी जागा शोधायला जाऊ नका.

नावाजलेलं म्हणाल तर फुक विंग स्ट्रीटवर ‘टिम हो वान’ आहे. २००९ साली मोंगकॉकमध्ये वीसेक खुर्च्यांचं दुकान म्हणून सुरू झालं. मालक मोठ्या हॉटेलातला शेफ, आणि लगेच त्यांना मिशेलिनचा तारा, म्हणजे हॉटेलांना मिळणारा मोठा मान, मिळाला. तेव्हापासून सगळ्या जगाने तिथे रांग लावलीये. भाजलेले बन चांगलेच असतात, पण आत डुक्कर, म्हणजे तुमच्या कामाचे नाहीत. माझं मत विचाराल तर नावाच्या मागे लागू नका. आसपासच्या गल्ल्यांत जिथे म्हातारेकोतारे पेपर वाचत बसलेत तिथे शिरा.

बसल्याबसल्या पहिला प्रश्न चहाचा. दूध-साखर नाही, कोरा. काळसर, मातकट हवा तर ‘बो लेई’ म्हणा. मला तोच आवडतो, तेलकटावर बरा पडतो. वाट्या आणि जेवायच्या काठ्या पहिल्या गरम चहाने विसळून घेतात, त्यासाठी वेगळं भांडं ठेवलेलं असतं. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवा, पाणी आपसूक येतं. कोणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची, झाले आभार. अनोळखी माणसं तुमच्याच टेबलावर येऊन बसतील, दचकू नका.

टेबलांमधून पदार्थ फिरवणाऱ्या ढकलगाड्या आता थोड्याच ठिकाणी उरल्यात. बहुतेक ठिकाणी कागद आणि पेन्सिल देतात, त्यावर खुणा करायच्या. पदार्थ लहान, मध्यम, मोठा, विशेष अशा वर्गांत असतात आणि दर वर्गावर ठरतो. साध्या जागी एक टोपली, म्हणजे एका पदार्थाची एक प्लेट, साधारण २५ ते ४० हाँगकाँग डॉलरला धरा, एक डॉलर म्हणजे ११ रुपयांच्या आसपास. दोघींना चार-पाच टोपल्या पुष्कळ. चहाचे वेगळे, आणि बऱ्याच ठिकाणी वर दहा टक्के सेवा-आकार. दुपारी दोननंतर गेलात तर कितीतरी जागी दर उतरतात आणि गर्दीही ओसरते. रविवारी मात्र जाऊच नका, अख्खी खानदानं उतरलेली असतात.

आता मुद्द्याचं. डुक्कर तिथे दिसत नाही तिथेही असतं. सिउ माई, म्हणजे वाफवलेल्या उघड्या तोंडाच्या पुरचुंड्या, त्यात डुक्कर अधिक कोळंबी. मुळ्याच्या वड्या शाकाहारी वाटतात, त्यात चिनी सॉसेज आणि सुका झिंगा असतो. कमळाच्या पानातला चिकट भात कोंबडीचा म्हणून मागवाल, पण त्यातही डुक्कर असतंच बहुधा. इतकंच काय, हार गाव, म्हणजे कोळंबीचे वाफवलेले मोदक, त्यात नुसती कोळंबी असं सगळे सांगतात, पण जुन्या पद्धतीत सारण मऊ राहावं म्हणून डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालतात. म्हणून लेकीकडून चिनी अक्षरांत चिठ्ठी लिहून घ्या: डुक्कर नको, गाय नको, चरबीसुद्धा नको. आणि ती मागवायच्या आधी दाखवा.

चरबी नसेल तर हार गाव सोडू नका. स्वयंपाकी हार गाववरूनच ओळखावा. पारी गव्हाच्या चिकाची असते, आपण कुरडईला काढतो तोच. त्यात टॅपिओकाचं पीठ मिसळून उकळत्या पाण्याने मळतात. टोपलीतून उचलताना फाटली की समजा, हात कच्चा आहे. कोळंबी मात्र तुम्हाला विचित्र लागेल. तिला सोडा-मीठ चोळून थंड पाण्याखाली बराच वेळ धुतात, त्याने ती कुरकुरीत होते. आपल्या तोंडाला ती रबर लागते, खोटं का बोलू. त्यापेक्षा कोळंबी घातलेले चेउंग फन, म्हणजे तांदळाच्या पातळ गुंडाळ्या, सासूबाईंना नक्की रुचतील. वरून गोडसर सोया ओततात. शेवटी मा लाय गो, वाफवलेला केक.

बाणकोट_खाडी
भंडारीकाकांनी एक जागा गाळली. वान चाय भागात ओय क्वान रोडवर मस्जिद अम्मार आहे, तिच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर कँटीन आहे. हलाल डिमसम, त्यामुळे डुकराचा आणि चरबीचा प्रश्नच मिटतो. कुणीही जाऊ शकतं. आमच्या घरचे तिकडे गेले की तिथेच जेवतात, आणि शेजारच्या टेबलांवर चिनी म्हाताऱ्याच जास्त असतात. मात्र बीफ असतं, ते विचारून टाळा. डिमसम दुपारपर्यंतच, संध्याकाळी गेलात तर नेहमीचं जेवण मिळेल. शुक्रवारी नमाजानंतर जागा मिळणं कठीण.

वेळणेश्वरची_सून
दोघांचेही खूप आभार. पहिल्याच दिवशी वान चाय, मग चिठ्ठी घेऊन लेकीच्या गल्लीत. उभादांडाकर, सासूबाईंनी तुमचा निरोप वाचलाय, “पाय कसे करतात ते विचार” म्हणाल्या.

एकच राहिलं. त्या चहा अजिबात घेत नाहीत, कोरा तर नाहीच. त्यांच्या चहाचे पैसे वाचतील ना?

भंडारी_दाभोळ
नाही वाचत. डोकी मोजून लावतात, प्या नाहीतर नका पिऊ. नुसतं गरम पाणी मागितलंत तरी तेवढेच. पाय आधी तळतात, मग भिजवतात, मग काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात. हाडं थाळीच्या कडेला टाकायची, लाजायचं नाही.