बैलांवरच्या क्रूरतेचा दंड वाढवायला आमदारांकडे पाठपुरावा कसा करावा?

प्रश्न (वाळवा, जि. सांगली): गळीत हंगामात मान सुजलेले बैलही उसाच्या गाडीला जुंपतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये. तो वाढवायला आमदारांकडे काय मागायचं?

उत्तर 1: ताई, 'बैलांवर अन्याय होतो' एवढंच लिहिलेलं निवेदन फायलीत पडून राहतं. या कायद्याच्या कलम 11 मधला दंड महाराष्ट्रापुरता वाढवा, इतकंच मागा आणि दुरुस्तीचा मसुदा सोबत जोडा. विषय समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत) आहे, त्यामुळे राज्याला दुरुस्ती करता येते. केंद्राच्या कायद्याशी विसंगती येते म्हणून राष्ट्रपतींची संमती लागते. बैलगाडा शर्यतींसाठी 2017 साली राज्यानं हाच मार्ग धरला होता.

उत्तर 2: अधिवेशन सुरू झाल्यावर भेटाल तर उशीर होईल, प्रश्नांच्या सूचना आधीच द्याव्या लागतात. स्वीय सहायकाकडे एका पानाचं निवेदन द्या, पोच घ्या. पहिली मागणी तारांकित प्रश्नाची (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात): गेल्या हंगामात जिल्ह्यात कलम 11 खाली गुन्हे किती, दंड किती? ते उत्तर पुढे पुरावा म्हणून वापरता येतं. दुसरी मागणी अशासकीय विधेयकाची, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेल्या विधेयकाची. ते क्वचितच मंजूर होतं, तरी मंत्र्यांना भूमिका मांडावी लागते.

उत्तर 3: याच कायद्याखालचे, गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठीचे 1965 चे नियम आजही लागू आहेत. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही. पराणीला (बैल हाकायच्या काठीला) आर, म्हणजे टोचणारं लोखंडी टोक, लावणंही बंद. तक्रारीला फोटो, वेळ आणि वजनकाट्याची पावती जोडा. आणि कृपा करून सगळा रोख गाडीवानावर ठेवू नका. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेला माणूस खेपा कमी करू शकत नाही. मसुद्यात कारखान्याची जबाबदारीही लिहा.