धाप लागलेल्याला आडवं करू नका

वर कुणीतरी लिहिलंय की छातीचा त्रास सुरू झाला की माणसाला लगेच आडवं करून पाय उंच करावेत. चक्कर येऊन पडलेल्याला ते चालेल, पण धाप लागलेल्याला अजिबात नको. चार वर्षांपूर्वी बाबांना पहाटे तीनला धाप लागली. शेजारच्या काकांनी काळजीपोटीच त्यांना उताणं निजवलं आणि बघता बघता ओठ काळेनिळे पडायला लागले, छातीत घरघर. आईने त्यांना उठवून पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं, मांडीवर दोन उशा रचून त्यावर हात टेकवायला लावले. घरघर थांबली नाही, पण निदान एकेक शब्द बोलता यायला लागला. १०८ च्या डॉक्टरांनीही बसवूनच ऑक्सिजन लावला, शिरेतून लॅसिक्स (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं औषध) दिलं आणि खुर्चीत बसवूनच जिना उतरवला. हृदय कमी पडलं की फुप्फुसात पाणी साचतं. आडवं झालं की पायांकडचं रक्तही छातीकडे येतं आणि भार आणखी वाढतो.

हाक मारून, खांदा हलवूनही माणूस हलत नाही आणि श्वास नीट नाही, तेव्हा मात्र आडवंच करायचं. मधूनच आचके दिल्यासारखा येणारा श्वास म्हणजे श्वास चालू आहे असं कृपया समजू नका, आमच्या बिल्डिंगमध्ये हीच चूक झाली होती. गादीवर नाही, फरशीवर घ्या. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि १०८ चा फोन स्पीकरवर.