बाबांचं सोल्डरिंग आणि फोनवाल्यांची भांडणं

काल बाबांनी माझा बंद पडलेला हेडफोन घेतला, पिनजवळ तुटलेली वायर कापून नवीन पिन सोल्डर केली आणि अर्ध्या तासात चालू, मी तर नवीन घ्यायला निघालो होतो. असे बाबा अजून कोणाकडे? आणि एकमेकांना टोमणे मारणाऱ्या फोनच्या जाहिराती आवडतात का?

– पिन लावायची कुठे पण? 😄 सॅमसंगने २०१७च्या जाहिरातीत हेडफोन जॅक (पिन घालायचं भोक) नसल्यावरून ॲपलच्या आयफोनची खिल्ली उडवली आणि २०१९ला आपल्या नोट १० फोनमधून स्वतःच जॅक काढला. टोमणे कसले मारता.

– २००६ ते २००९च्या ॲपलच्या मॅक-पीसीवाल्या जाहिराती मात्र भारी होत्या. दोन माणसं, एक ॲपलचा मॅक कॉम्प्युटर, दुसरा पीसी, मागे पांढरा पडदा, बास.

– आमचे बाबा काहीही उघडतात, जोडल्यावर दोन स्क्रू उरतातच, तरी वस्तू चालते.