शब्दचर्चा: हर्नियाची जाळी आणि संमतीपत्रातली ‘गुंतागुंत’

अनुवादक, दादर

हर्नियाच्या ऑपरेशनच्या संमतीपत्राचं मराठी करायचं आहे. या ऑपरेशनात पोटाच्या कमकुवत भिंतीला आधार म्हणून कृत्रिम धाग्याची जाळी बसवतात. मूळ मजकुरात जाळीमुळे होऊ शकणारे त्रास एकेक करून दिले आहेत: इन्फेक्शन, सिरोमा, मायग्रेशन, इरोजन, कॉन्ट्रॅक्शन, रिजेक्शन, क्रॉनिक पेन, फिस्टुला, रिकरन्स. आधीच्या मराठी प्रतीत या सगळ्यांऐवजी ‘जाळीसंबंधी गुंतागुंत संभवते’ एवढं एकच वाक्य आहे. सही करणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. कोश पाहून इरोजनला ‘झीज’, मायग्रेशनला ‘स्थलांतर’, फिस्टुलाला ‘भगंदर’ आणि रिजेक्शनला ‘शरीराने नाकारणे’ असे शब्द काढले आहेत. चालतील का? शिवाय हर्निया म्हणावं की अंतर्गळ?

सर्जन, परळ

हर्नियाच ठेवा. अंतर्गळ हा चांगला जुना शब्द आहे, पण अंतर्गळ, आंत्रवृद्धी, अंडवृद्धी हे तिन्ही लोक एकमेकांच्या जागी वापरतात आणि हायड्रोसीलही त्यातच धरतात. हायड्रोसील म्हणजे अंडाभोवती साठलेलं पाणी. तिथे जाळीचा संबंधच नाही. संमतीपत्रात हा घोळ नको. ‘जांघेतला हर्निया’, ‘बेंबीचा हर्निया’, ‘जुन्या टाक्यांच्या जागेचा हर्निया’ असं जागेसकट लिहा, कारण जागेनुसार जाळीचे धोकेही बदलतात.

आता ‘झीज’. हा शब्द वाचून जाळी झिजते असं वाटेल. पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची जाळी झिजत नाही. झिजते ती शेजारच्या अवयवाची भिंत. जाळीची कड किंवा घडी आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर टेकून राहिली की ती भिंत हळूहळू पातळ होते आणि जाळी आत शिरते. हे क्वचित होतं, पण झालं तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी होतं. तेव्हा रुग्ण लघवीतून रक्त जातंय किंवा लघवीला सारखं इन्फेक्शन होतंय म्हणून येतो आणि जुन्या ऑपरेशनचा उल्लेखही करत नाही. म्हणून सरळ लिहा: ‘जाळीची कड आतड्यात किंवा लघवीच्या पिशवीत शिरणे’.

‘स्थलांतर’ तर अजिबात नको. ‘जाळी जागेवरून सरकणे’ म्हणा. सपाट जाळी नीट पसरून बसवली असेल तर लांब जात नाही. फार तर कडेला दुमडते किंवा थोडी सरकते आणि उघड्या पडलेल्या बाजूने हर्निया परत येतो. लांबवर सरकण्याची उदाहरणं जास्त करून प्लगची आहेत, म्हणजे भोकात बुचासारखी बसवलेली गुंडाळी जाळी.

भगंदर म्हटलं की मराठी माणसाला गुदद्वाराजवळचा आजारच आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. आतड्याला भोक पडून त्यातला मळ पोटावरच्या जखमेतून बाहेर यायला लागतो. तेच शब्द वापरा.

मायक्रोबायोलॉजी, भायखळा

‘शरीराने नाकारणे’ हा शब्द मुळातूनच काढून टाका. मुंबईत ‘जाळी रिजेक्ट झाली’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि त्याने नुकसान होतं. रिजेक्शन होतं ते दुसऱ्या माणसाच्या किडनीचं. परक्या पेशी ओळखून प्रतिकारशक्ती त्यांच्यावर हल्ला करते. जाळीत पेशीच नसतात. जाळीभोवती शरीर जे करतं ती परक्या वस्तूला दिलेली प्रतिक्रिया असते: पांढऱ्या पेशी धाग्यांभोवती जमतात, मग तंतुमय पेशीजाल तयार होतं आणि त्या पेशीजालामुळेच जाळी पोटाच्या भिंतीत पक्की होते. म्हणजे ही प्रतिक्रिया काही प्रमाणात आपल्याला हवीच असते.

जखमेतून पू यायला लागला की त्याला ‘रिजेक्शन’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. मग जंतू कोणता, तो कुठून आला, हे प्रश्न कुणी विचारत नाही. पू तपासायला पाठवलाच जात नाही. रुग्ण मात्र ‘माझ्या अंगाला जाळी सोसत नाही’ ही समजूत घेऊन घरी जातो आणि पुढच्या हर्नियाला ऑपरेशन नको म्हणतो.

आपल्याकडे याची एक खास बाजू आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन आठवडे जखम छान सुकलेली असते. नंतर, कधी महिन्याभराने, छिद्राच्या जागी छोटी गाठ येते, फुटते, पातळ पाण्यासारखा स्राव येतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. ताप नसतो. नेहमीच्या अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स होतात, पण फरक पडत नाही. अशा वेळी टीबीच्या जंतूंचे भाऊबंद, म्हणजे फॉर्ट्युइटम किंवा चिलोनी जातीचे मायकोबॅक्टेरिया, यांचा संशय घ्यायचा. हे जंतू नळाच्या पाण्यात असतात. दुर्बिणीची उपकरणं नीट न उघडता, न घासता ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकाच्या द्रावणात थोडा वेळ बुडवून पुन्हा वापरली, किंवा नंतर साध्या पाण्याने धुतली, की ते जखमेत पोचतात. नेहमीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, ४८ तासांत ‘वाढ नाही’ म्हणून बंद होतं. या जंतूंना वाढायला आठवडाभरही लागू शकतो. म्हणून पाठवतानाच फॉर्मवर ‘मायकोबॅक्टेरियाचं कल्चर हवं’ असं लिहावं लागतं. उपचारही वेगळे असतात, क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन वगैरे, आणि तेही काही महिने. टीबीची नेहमीची औषधं सुरू करून उपयोग होत नाही.

संमतीपत्रात मी असं लिहीन: ‘जाळीला जंतू लागणे. काही वेळा हे ऑपरेशननंतर कित्येक आठवड्यांनी कळते. त्यासाठी दीर्घकाळ औषधे किंवा जाळी काढण्याचे ऑपरेशन लागू शकते.’

अनुवादक, दादर

म्हणजे जंतू लागले की जाळी काढावीच लागते, असं समजायचं का?

मायक्रोबायोलॉजी, भायखळा

नाही. ते जाळीच्या विणीवर अवलंबून असतं. जंतू साधारण १ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याला गिळणारी मॅक्रोफेज पेशी १० मायक्रॉनहून मोठी. जाळीची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान असली की जंतू आत जाऊन बसतो आणि पेशीला आत जाता येत नाही. ईपीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकच्या, पत्र्याचं असंच आहे, म्हणून तो पिकला की बहुधा काढावाच लागतो. अनेक पदरी पिळाच्या धाग्याच्या जाळीतही पदरांमधल्या फटीत हाच प्रकार होतो. एकपदरी धाग्याची, ७५ मायक्रॉनहून मोठ्या छिद्रांची पॉलिप्रोपिलीन जाळी असेल तर पेशी आणि रक्तवाहिन्या छिद्रांतून आरपार वाढतात. अशी जाळी पिकली तर पू काढून, जखम उघडी ठेवून, योग्य अँटिबायोटिक देऊन पुष्कळदा वाचते. हा फरक १९९७ साली सर्जन अमिद यांनी केलेल्या जाळ्यांच्या वर्गीकरणात मांडला गेला. आजच्या मोठ्या छिद्रांच्या जाळ्यांत तर १ मिलिमीटरच्या वरची छिद्रं असतात.

ऑपरेशन थिएटर सिस्टर, शीव

जाळीचं पाकीट टेबलावर आधी उघडून ठेवू नये. जागा तयार झाली, रक्त थांबलं, आकार ठरला की मगच उघडायचं. जाळी हातात घेण्याआधी ग्लोव्ह्ज बदलायचे, आणि ती रुग्णाच्या कातडीला टेकू द्यायची नाही. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस हा जंतू आत जातो तो इथेच.

दुसरं, दोन बाजूंची जाळी. पोटाच्या आत, आतड्यासमोर, साधी पॉलिप्रोपिलीन जाळी लावत नाहीत, कारण आतडं तिला चिकटतं. तिथे एका बाजूला न चिकटणारा थर असलेली जाळी लागते. गुळगुळीत बाजू आतड्याकडे, खरखरीत बाजू पोटाच्या भिंतीकडे. उलटी बसली तर आतडं चिकटतं आणि भिंतीला मात्र जाळी धरत नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. दुर्बिणीतून आत सोडताना जाळीची गुंडाळी करतात, तेव्हा बाजू उलटण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आधीच वरच्या बाजूला पेनने खूण किंवा मधोमध एक टाका घालून ठेवावा.

उरलेला तुकडा परत निर्जंतुक करून दुसऱ्या रुग्णाला वापरणं हेही चुकीचंच. पाकिटावर ‘एकदाच वापरण्यासाठी’ असं छापलेलं असतं. गरिबाचा खर्च वाचावा हा हेतू चांगला असतो, पण नंतर त्या तुकड्याचा लॉट नंबर, म्हणजे तो कारखान्याच्या कोणत्या खेपेतला हे सांगणारा क्रमांक, कुणाच्याही कागदावर राहत नाही.

सर्जन, परळ

सिस्टर, खूण करण्याचं फार महत्त्वाचं सांगितलंत.

‘कॉन्ट्रॅक्शन’ राहिलं होतं. ‘जाळी आकसणे’ हा शब्द चालेल, फक्त आकसतं ते तिच्याभोवतीचं व्रणाचं पेशीजाल आणि जाळी त्याच्याबरोबर ओढली जाते. रुंदी-लांबी २० टक्क्यांच्या आसपास कमी होऊ शकते. जाळीच्या प्रकारानुसार कमी-जास्त. म्हणून जाळी भोकाच्या मापाची कधीच घेत नाहीत. जांघेच्या उघड्या लिच्टेनस्टाइन ऑपरेशनला साधारण ७.५ बाय १५ सेंटिमीटर, मधल्या बाजूला जांघेच्या हाडाच्या उंचवट्यापुढे २ सेंटिमीटर जास्त. दुर्बिणीने केलं तर निदान १० बाय १५. पोटाच्या हर्नियाला दुर्बिणीने लावताना भोकाच्या कडेपलीकडे चारही बाजूंना ५ सेंटिमीटर. जांघेचा हर्निया जाळीनंतर परत येतो तो बहुतेकदा त्या उंचवट्यापाशी, कारण तिथेच कंजुषी झालेली असते. ‘हर्निया परत येणे’ हे साधे शब्द पुरेत, ‘पुनरुद्भव’ वगैरे नको.

सिरोमाला ‘जाळीपाशी पाणी साठणे’. फुगवटा पाहून रुग्ण घाबरतो, हर्निया परत आला असं वाटतं. बहुतेकदा सहा-आठ आठवड्यांत ते पाणी आपोआप जिरतं. उगाच सुई घालून काढू नये, त्याच सुईवाटे जंतू आत जातात. हेही संमतीपत्रात एका ओळीत घाला.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती दुखण्याच्या शब्दाची. मोठी छापील अक्षरं हवीत ती इथे, कारण जाळी पिकण्यापेक्षा किंवा आतड्यात शिरण्यापेक्षा हा त्रास कितीतरी जास्त लोकांना होतो. ‘जुनाट वेदना’ म्हटलं की संधिवात वाटतो. व्याख्या अशी आहे: ऑपरेशननंतर निदान ३ महिने टिकणारं, रोजच्या कामात अडथळा आणणारं दुखणं. जांघेच्या ऑपरेशननंतर हे १० ते १२ टक्के लोकांना होतं, आणि काम सोडावं लागेल इतकं तीव्र ०.५ ते ६ टक्क्यांना. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतले हे आकडे आहेत. जाळीशिवाय, नुसत्या टाक्यांच्या ऑपरेशननंतरही असं दुखतं, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

बधिरपणा आणि दुखणं वेगळं ठेवा. टाक्यांखाली, मांडीच्या आतल्या बाजूला थोडी जागा बधिर राहणं बऱ्याच जणांना होतं आणि त्याने सहसा काही अडत नाही. आग होणं, करंट लागल्यासारखी चमक येणं, चड्डीचं कापड लागलं तरी सहन न होणं, ही नसेच्या त्रासाची लक्षणं. जांघेत तीन नसा सांभाळाव्या लागतात: इलिओइंग्वायनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटोफिमोरलची जननेंद्रियाकडे जाणारी शाखा. नस टाक्यात किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनातल्या टॅकमध्ये (जाळी पक्की करायच्या बारीक पिनेत) सापडली तर शुद्धीवर आल्याआल्या भयंकर आग होते. तेव्हा ‘होईल कमी’ म्हणून महिनोन्महिने थांबू नये, सर्जनला लगेच दाखवावं.

अनुवादक, दादर

‘जाळीवर परदेशात बंदी आहे’ असे मेसेज फिरतात. नातेवाईक तेच घेऊन येतात. जाळीशिवायचा पर्याय लिहावा का?

सर्जन, परळ

लिहावाच. समीरा कोहली प्रकरणात, म्हणजे संमतीशिवाय केलेल्या ऑपरेशनच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये संमतीसाठी पर्याय आणि मोठे धोके सांगणं आवश्यक ठरवलं आहे.

बंदीचं म्हणाल तर दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१९ मध्ये विक्री थांबवली ती योनीमार्गातून, अंग बाहेर येण्याच्या तक्रारीसाठी लावायच्या जाळीची. हर्नियाची जाळी सरसकट बंद झालेली नाही. हर्नियाची काही विशिष्ट उत्पादनं मात्र मागे घेतली गेली. फिजिओमेश नावाची जाळी २०१६ मध्ये बाजारातून गेली, कारण परदेशी नोंदवह्यांत तिच्यानंतर हर्निया परत येण्याचं आणि पुन्हा ऑपरेशन करण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

पर्यायांत टोरांटोची शोल्डाइस पद्धत आहे, म्हणजे भिंतीचे थर नुसत्या टाक्यांनी शिवणं, आणि आपल्या पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची पद्धत आहे. देसरडा पद्धतीत बाहेरच्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याचीच पट्टी, मूळ जागेपासून न तोडता, मागच्या कमकुवत भिंतीवर शिवायची. परकी वस्तू नाही. पण तो पडदा विरलेला असेल तर ती जमत नाही, आणि पोटावरच्या मोठ्या हर्नियाला तिचा उपयोग नाही.

ऑपरेशन थिएटर सिस्टर, शीव

‘मच्छरदाणीची जाळी’ हा शब्दही नोंदवून ठेवा, तो टिंगलीचा नाही. दोंडाईचाच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला वापरलं आणि २००३ मध्ये ते काम इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत आलं. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली, २०१६ मध्ये ती छापून आली, आणि वर्षभरात दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे किंमत पाहून जाळीचा दर्जा ठरवू नये. मात्र बाजारातून आणलेली कुठलीही मच्छरदाणी चालते असा अर्थ कुणी काढू नये. धागा, वीण आणि निर्जंतुक करण्याची रीत ठरलेली आहे.

अनुवादक, दादर

आतापर्यंतचा मसुदा: ‘जाळी बसवल्यानंतर पुढील त्रास होऊ शकतात: जाळीपाशी पाणी किंवा रक्त साठणे, जाळीला जंतू लागणे, कधी कित्येक आठवड्यांनी, जाळी सरकणे, दुमडणे किंवा आकसणे, हर्निया परत येणे, टाक्यांपाशी बधिरपणा, ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकणारे दुखणे, क्वचित जाळीला आतडे चिकटणे, जाळीची कड आतड्यात किंवा लघवीच्या पिशवीत शिरणे, आतड्यातील मळ जखमेतून बाहेर येणे. यासाठी पुन्हा ऑपरेशन करून जाळी काढावी लागू शकते.’

सर्जन, परळ

पुरुषांसाठी ‘अंडाचा रक्तपुरवठा कमी होऊन ते सुकणे’ हे क्वचितच्या गटात घाला. आणि ‘जाळी काढावी लागू शकते’ याला जोडून ‘पूर्ण काढता येईलच असे नाही’ हेही हवं. पेशीजालात रुतलेली जाळी सोडवताना नसा, रक्तवाहिन्या, अंडाकडून येणारी वीर्याची नळी यांना इजा होते.

शिवाय रुग्णाच्या हातातलं काय, तेही लिहा. निदान ४ आठवडे आधी बिडी-सिगारेट बंद. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर, एचबीए१सी, आटोक्यात. जुना खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला जोर द्यावा लागणं यांवर आधी उपचार.

ऑपरेशन थिएटर सिस्टर, शीव

संमतीपत्राच्या खाली जाळीच्या स्टिकरसाठी चौकोन ठेवा. पाकिटात दोन-तीन स्टिकर असतात. त्यावर कंपनी, प्रकार, माप, लॉट नंबर आणि मुदत असते. एक केस पेपरवर, एक डिस्चार्ज कार्डावर. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘मेश रिपेअर’ लिहिलं असेल तर पाच वर्षांनी दुसऱ्या दवाखान्यात कुणालाच कळत नाही की आत काय आहे, कारण पॉलिप्रोपिलीन साध्या एक्स-रेत दिसत नाही. जाळीमुळे त्रास झाला तर मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासांची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमाकडे, कळवता येतं. तो २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. तिथल्या फॉर्मवरही लॉट नंबरचा रकाना असतो. घरी जाताना रुग्णाला सांगायचं वाक्य असं: ‘या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, स्टिकर नसेल तर आत्ताच मागून घ्या.’