चांगले कोलेस्टेरॉल ५४ आले, म्हणजे बाबांची रोजची दारू हृदयाला मानवते असे समजायचे का?

कपाशीकर

माझे बाबा ५८ वर्षांचे असून यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे. गेली पंधरा वर्षे ते रात्रीच्या जेवणाआधी अर्धा पव्वा व्हिस्की घेतात, बाजाराच्या दिवशी मात्र पूर्ण पव्वा होतो. त्यांना भांडण-तंटा माहीत नाही आणि सकाळी सहाला ते वावरात हजर असतात, त्यामुळे घरात याला कोणी व्यसन म्हणत नाही. रक्तदाबाची एक गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून चालू आहे.

मागच्या आठवड्यात तालुक्याला रक्ततपासणी केली. एकूण कोलेस्टेरॉल २३८, एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल ५४, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातील चरबी ५१२ आणि एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात आकडाच नाही, नुसती आडवी रेघ आहे. बाबांनी रिपोर्टातील ५४ या आकड्यावर बोट ठेवून सांगितले की चांगले कोलेस्टेरॉल भरपूर आहे, वाईट तर मशीनला सापडलेसुद्धा नाही, आणि थोडी घेतली की नळ्या मोकळ्या राहतात हे त्यांचे म्हणणे आता कागदावर सिद्ध झाले. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

काचपट्टी

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे आधी त्या आडव्या रेघेविषयी सांगतो, कारण बाबांचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजले जात नाही, तर १९७२ साली मांडलेल्या एका सूत्राने काढले जाते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून आलेला आकडाही वजा करायचा, एवढेच ते सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हा पाचाचा भागाकार भरवशाचा राहत नाही, म्हणून जबाबदार तंत्रज्ञ तिथे रेघ मारतो. तुमच्या बाबांच्या आकड्यांवर ते सूत्र जबरदस्तीने चालवले असते तर २३८ मधून ५४ आणि १०२ जाऊन ८२ उरले असते, आणि ८२ पाहून घरात पेढे वाटले गेले असते. तो आकडा खोटा ठरला असता.

अशा वेळी पाहण्याजोगा हिशेब वेगळा आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. जे उरते ते रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू शकणारे सगळे कोलेस्टेरॉल असते, आणि ट्रायग्लिसराइड कितीही वाढलेले असले तरी ही वजाबाकी चुकत नाही. बाबांच्या बाबतीत हा आकडा १८४ येतो. सर्वसाधारणपणे तो १३० च्या आत असावा अशी अपेक्षा असते. तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल मशीनला सापडले नाही असे नसून ते गर्दीत लपले आहे.

आणखी एक विनंती अशी की, तपासणीच्या आदल्या रात्री बाबांनी घेतली होती का, हे विचारून पाहा. आमच्याकडे येणारे लोक उपाशीपोटी येतात, चहासुद्धा टाळतात, पण रात्रीची दारू त्यांच्या लेखी खाण्यात मोडत नाही.

निवृत्त औषधनिर्माता

कपाशीकर भाऊ, आधी मोजमाप करू. बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे अर्ध्या पव्व्यात (९० मिलिलिटर) ३० ग्रॅम आणि पूर्ण पव्व्यात (१८० मिलिलिटर) ६० ग्रॅम. आठवड्याची बेरीज २४० ग्रॅमच्या आसपास जाते. याला ‘थोडी’ म्हणणे कठीण आहे. शिवाय एका ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर रोजच्या अर्ध्या पव्व्यातून दोन पोळ्यांइतकी ऊर्जा जाते, आणि सोबतची शेव व भजी त्यात धरलेली नाहीत.

आता ट्रायग्लिसराइड का वाढते ते पाहू. अल्कोहोल शरीरात साठवता येत नाही, त्यामुळे यकृत हातातील सगळी कामे बाजूला ठेवून आधी तिचाच निपटारा करते. त्या वेळेत चरबी जाळण्याचे काम मागे पडते, न जळलेल्या चरबीपासून ट्रायग्लिसराइड तयार होते, काही यकृतातच साठून राहते आणि उरलेले रक्तात सोडले जाते. ५१२ हा आकडा बहुधा तिथून आला आहे, तरीही मधुमेह आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण त्यांच्यामुळेही तो वाढतो. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि ते दुखणे ज्याने पाहिले आहे तो पुन्हा दारूचे नाव काढत नाही.

एचडीएलबद्दल बाबांचे अर्धे म्हणणे खरे आहे. दारूने एचडीएल थोडे वाढते, ही गोष्ट अनेक अभ्यासांत दिसलेली आहे. प्रश्न असा आहे की वाढलेल्या आकड्याने हृदय वाचते का. एचडीएल पुष्कळ वाढवणारे टॉर्सेट्रॅपिब नावाचे औषध २००६ साली चाचणीतच थांबवावे लागले, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले होते. पुढे २०१२ साली असे दिसून आले की ज्यांच्यात जन्मतः एका जनुकीय बदलामुळे एचडीएल जास्त असते, त्यांनाही हृदयविकाराचे झटके काही कमी येत नाहीत. म्हणून एचडीएल कमी असणे ही धोक्याची खूण मानतात, पण ते कशानेही वाढवले की संरक्षण मिळाले, असा अर्थ आता कोणी लावत नाही.

‘थोडी घेतलेली चांगली’ ही समजूत काही बाबांची एकट्याची नाही. १९९२ साली वाइन पिणाऱ्या फ्रान्सच्या लोकांत हृदयविकार कमी असल्याचा एक लेख गाजला, तेव्हापासून रेड वाइनची कीर्ती आमच्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचली आणि इथे येईपर्यंत वाइनची व्हिस्की झाली. त्याच्या चार वर्षे आधी इंग्रज संशोधकांनी एक साधी अडचण दाखवून दिली होती. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेले पुष्कळ लोक असतात, त्यामुळे त्यांच्याशी तुलना केली की थोडे पिणारे आपोआप धडधाकट दिसतात. आपल्याच गावात साठीच्या पुढचे न पिणारे मोजायला बसा. निम्मे माळकरी निघतील आणि निम्मे डॉक्टरने बंद केलेले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की दारूची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही, आणि त्यामागे कर्करोग हे मोठे कारण आहे.

रक्तदाबाची गोळी आणि रोजची दारू यांचे मात्र उघड वैर आहे. रोजच्या पिण्याने दाब वाढतो, डॉक्टर गोळी वाढवतात, आणि मूळ कारण संध्याकाळी पुन्हा ग्लासात असते. दुकानात असताना मी हे वर्षानुवर्षे पाहिले. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवण्याची गोळी कोणी दिली असेल तर तिच्यासोबत दारू घेतल्यास दाब एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो, हेही घरात सांगून ठेवा.

एक सावधगिरी आवश्यक आहे. जो रोज पव्वा किंवा त्याहून जास्त घेतो, त्याने घरच्यांच्या सांगण्यावरून एका दिवसात बंद करू नये. हात थरथरणे, घाम, भास, झटके असे प्रकार पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. बाबांचे प्रमाण त्यापेक्षा कमी असले तरी डॉक्टरांना खरा आकडा सांगूनच सुरुवात करावी.

वैनगंगाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे. इथे १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची मिळते हे लपवण्यात अर्थ नाही. ती फुलांची आहे, घरची आहे, म्हणून बाधत नाही असे लोक म्हणतात, आणि मीही म्हणत असे. तिच्यावर टक्केवारी छापलेली नसते, त्यामुळे किती गेली याचा हिशेबच लागत नाही, एवढाच तिचा वेगळेपणा.

मी रोज पिणारा नव्हतो. सणावाराला मात्र हात सैल सुटत असे. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहापासून बैठक बसली, वर झणझणीत मटण, आणि रात्री अकराला छातीत पारवा फडफडावा तसे सुरू झाले. दुखत काहीच नव्हते. नाडी हाताला लागत होती, पण तिला ताल नव्हता. दोन ठोके लगबगीने येत आणि तिसऱ्याची वाट पाहावी लागे. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला आणि नागपूरला पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत आहेत, आणि सुटीच्या दिवशी भरपूर पिऊन येणाऱ्यांत हे इतके दिसते की १९७८ पासून त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असे नावच पडले आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर लकवा मारतो, म्हणून मला काही दिवस रक्त पातळ करण्याचे औषध दिले होते.

माझे कोलेस्टेरॉल त्या वेळी अगदी योग्य होते. म्हणून आपल्या बाबांच्या बाजाराच्या दिवसाकडे मला जास्त लक्ष द्यावेसे वाटते. एकदम जास्त घेतल्याचा परिणाम कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात उमटेलच असे नाही.

कपाशीकर

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दीड महिना लागला, कारण नवा रिपोर्ट हाती येईपर्यंत थांबायचे ठरवले होते.

काचपट्टी, आपली शंका बरोबर निघाली. तपासणीच्या आदल्या दिवशी बाजार होता. डॉक्टरांना खरे प्रमाण सांगितल्यावर त्यांनी साखर आणि थायरॉइड तपासले, दोन्ही व्यवस्थित आहेत. बाबांनी सहा आठवडे दारू घेतली नाही, तेही रिपोर्ट खोटा पाडून दाखवण्याच्या जिद्दीने. पहिला आठवडा त्यांना झोप लागली नाही, आणि संध्याकाळी सात वाजले की ते उठून उगाच गोठ्यात चक्कर मारून येत.

आता एकूण कोलेस्टेरॉल २२६, ट्रायग्लिसराइड २०५ आणि एचडीएल ४७ आहे. रेघेच्या जागी आकडा आला आहे, एलडीएल १३८. आपल्या वजाबाकीने १८४ चे १७९ झाले, म्हणजे ट्रायग्लिसराइड निम्म्याहून खाली आले तरी मूळ कोलेस्टेरॉल जवळजवळ तिथेच होते. वय आणि रक्तदाब पाहून डॉक्टरांनी रात्रीची एक स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी सुरू केली असून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. दाब उतरला आहे, मात्र जुनी गोळी सध्या तशीच चालू ठेवली आहे.

बाबांनी या वेळीही रिपोर्टावर बोट ठेवलेच. ५४ चे ४७ झाले, सोडल्यामुळे चांगले कमी झाले, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आहेत. मी त्यांना टॉर्सेट्रॅपिबची हकीकत सांगितली. ती त्यांनी ऐकून घेतली आणि त्या औषधाची किंमत किती होती, असे विचारले.