मदत हवी आहे: पुतणीच्या मेंदूला सूज, आयव्हीआयजी सांगितलंय

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. पुतणी, वय १९, बेळगावात ॲडमिट आहे.

आधी झोप उडाली, मग रात्रभर बडबड, घरच्यांवरच संशय. ताप नावालाच. करणी, देवऋषी, मग मानसिक आजाराच्या गोळ्या, सगळं झालं. त्यात फिट आली, बोलणं थांबलं, आणि ओठ-जबडा काहीतरी चघळल्यासारखे सारखे हलायला लागले. एमआरआय नॉर्मल! वहिनी डॉक्टरांना विचारायल्या, मग सूज कुठनं आली? ते म्हणाले, या आजारात बऱ्याच जणांचा एमआरआय नॉर्मलच येतोय. मणक्यातलं पाणी काढलं, त्यात पेशी वाढलेल्या. हर्पिस विषाणूची शंका म्हणून त्यावरचं औषध ॲसायक्लोव्हिर लगेच चालू केलं, तो रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर बंद. पाण्यात एनएमडीए रिसेप्टरच्या अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलीय.

स्टेरॉइडचे सलाइन झाले, फरक थोडाच. आता आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं सलाइन): वजन ४५ किलो, म्हणून रोज १८ ग्रॅम, ५ दिवस. खर्च ऐकून भाऊ गप्पच झालाय. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली म्हणतात, पण बेळगावात राहून कुणाला खरंच मिळाली का? की कर्नाटकाच्या आयुष्मान कार्डावरच बघायचं?

दुसरं, सोनोग्राफीत अंडाशयात गाठ दिसलीय. काढा म्हणतात. आजी अडून बसल्यात, पोरीचं लग्न व्हायचंय म्हणून.

प्रतिसाद

दादा, योजनेचं मला माहीत नाही. दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आजच गाठा, मंजुरी आधी लागते.

गाठीचं मात्र थांबवू नका. ती टेराटोमा (केस, दात, मेंदूसारख्या पेशीही असू शकतात अशी गाठ) असेल तर त्या अँटिबॉडी तिच्यामुळेच तयार होत असतात. तरुण मुलींत हे बऱ्याचदा सापडतं, आणि गाठ निघाली की औषधं नीट लागू पडतात. बहुतेक वेळा अंडाशय राखून नुसती गाठ काढता येते. एक अंडाशय गेलं तरी दुसऱ्यावर मूल होतं, हे आजींना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.

आयव्हीआयजीनंतर दोन-चार दिवसांत उठून बसेल असं धरू नका, महिने जातात. त्यानंही भागलं नाही तर रिटक्सिमॅब देतात. २०१३ च्या मोठ्या अभ्यासात २ वर्षांनी ८१ टक्के रुग्णांची तब्येत चांगली होती.

आणि त्या आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवली का? त्यातल्या काही गोळ्यांनी या आजारात अंग ताठतं, ताप चढतो. नसेल तर उद्या राउंडला दाखवा.